चिंधी, बाहुली आणि गोधडी

(ट्रस्टच्या महोत्सवानिमित्त खडेबाजारात भरलेल्या कुटुंबमेळाव्यात केलेले भाषण)



ट्रस्टने आजवर किती विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या दिल्या, किती रुग्णांना औषधपाण्यासाठी मदत केली, याचा हिशेब सकाळच्या सत्रात आपण ऐकलात. तो सांगण्याचा अधिकार ज्यांचा, त्यांनी तो उत्तम रीतीने सांगितला आहे. माझ्याकडे चिटणीसांनी विषय सोपवला तो ‘भगिनींच्या हस्तकला’ असा. विषय मोठा आहे आणि वेळ थोडा आहे. म्हणून मी त्याचा एकच कोपरा धरणार आहे. लहानपणी चिंध्यांशी खेळता खेळता जे मनात साठते, ते पुढे कापडावर कसे उतरते, एवढेच मला आज सांगावयाचे आहे. वर्षानुवर्षे शिवणवर्गात मुलींच्या बोटांकडे पाहत आल्यामुळे या एका बाबतीत बोलण्याचा थोडासा हक्क मला आहे असे मी समजते.

आपल्या खडेबाजारात कापडाची दुकाने पूर्वीपासून आहेत. माझे लहानपण १९५० नंतरच्या दशकातले. त्या काळी दुकानांच्या ओट्यांवर शिंपी मशीन घेऊन बसत. शाळा सुटली की आम्ही चार-पाच मुली त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहत असू. “काका, कात्रणे द्या ना,” एवढेच आमचे मागणे. एका शिंपीकाकांची अट ठरलेली होती. जमिनीवर सांडलेल्या टाचण्या वेचून डबीत भरायच्या, मग मूठभर कात्रणे मिळायची. ती मूठ सोडवून वाटणी करताना जी भांडणे होत, ती आठवली की आजही हसू येते. मांजरपाटाच्या तुकड्याला कोणी विचारत नसे. छिटाच्या तुकड्याला थोडा मान होता. पण गुळेदगुड्डच्या खणाचे चार बोटे रुंदीचे कात्रण हाती आले की ती मुलगी त्या दिवसापुरती सावकार होई. आमच्या खेळात तो तुकडा रुपयासारखा चाले.

माळ्यावर आमचा दुसरा खडेबाजार भरे. वितीने कापड मोजायचे, भाव करायचा, उधारी लिहून ठेवायची. घेतलेल्या कापडातून बाहुलीचे लुगडे नेसवायचे. बाहुली म्हणजे तरी काय, एका काडीला चिंध्या गुंडाळून, वर पांढऱ्या कापडाचे डोके बांधून, काळ्या दोऱ्याने डोळे काढलेले असत. बाजारात गोकाकची रंगीत लाकडी खेळणी मिळत, कोणाकडे सावंतवाडीची लाकडी फळे असत, आजोळहून आलेली एखादी लाकडी ठकीही असे. पण लग्न लागे ते चिंधीच्या बाहुलीचेच. कारण तिला नवे लुगडे, नवी चोळी करता येत असे. लग्न झाले की वर्षभरात बाळ येई. बाळ आले की त्याला पाळणा, कुंची आणि गोधडी हवी. तळहाताएवढी गोधडी मी शिवली, तेव्हा माझे वय सात असावे. आजीला मोठ्या कौतुकाने दाखवली. तिने ती उलटी केली आणि म्हणाली, “वरून कोण पण दाखवील गं. मागची बाजू चांगली दिसाय पाहिजे.” मी रडले, पण टाके उसवून पुन्हा घातले. शिवणकलेतला माझा पहिला धडा तो. पुढे मी माझ्या विद्यार्थिनींना हेच वाक्य कितीतरी वेळा ऐकवले.

आता खऱ्या गोधडीकडे वळू. आपल्यापैकी पुष्कळांनी ती पाहिली आहे, पांघरली आहे. पण ती कशी होते हे लहान मंडळींना ठाऊक नसेल. घरातली जुनी लुगडी आणि धोतरे वर्षभर गाठोड्यात साठवायची. दुपारची कामे आटोपली की सोप्यात ती पसरायची. जे फार विरले असेल ते मध्ये, त्यातल्या त्यात बरे असेल ते वर आणि खाली. आधी मोठे टाके घालून थर टाचून घ्यायचे, म्हणजे ते सरकत नाहीत. मग कडेपासून धावदोरा सुरू करायचा आणि चौकोनात चौकोन काढत मध्यापर्यंत यायचे. शेकडो वेळा धुऊन मऊ झालेल्या सुती कापडातून सुई सहज जाते. कोऱ्या, खळीच्या कापडाच्या पाच थरांतून ती जात नाही. म्हणून गोधडीला जुनेच कापड लागते. थरांच्या मध्ये हवा राहते आणि तीच ऊब धरून ठेवते. आपल्या बेळगावच्या पावसाळ्यात, भिंती ओलावतात तेव्हा, तिच्यासारखे पांघरूण नाही. आपल्याकडे जाड असेल तर तिला वाकळ म्हणतात. कन्नड बोलणाऱ्या शेजारणी तिलाच कौदी म्हणतात. नावे तीन असली तरी काम करण्याची रीत एकच.

या गोधडीवर आम्ही मुलांनी गाव वसवले होते. पावसाळ्यात बाहेर जाता येत नसे, अंगात ताप असला तर अंथरुणातून उठू देत नसत. मग गोधडी हीच आमची भूमी. निळ्या लुगड्याचा तुकडा म्हणजे किल्ल्याजवळचे तळे. चौकडीच्या लुगड्याचा तुकडा म्हणजे शेते. एकात ऊस, एकात भात. लाल खणाचा चौकोन म्हणजे शनिवारचा बाजार. आणि टाक्यांची लांबच लांब ओळ म्हणजे मिरजेहून लोंढ्याला जाणारी रेल्वे. शर्टाचे तुटलेले बटण हे इंजिन. गुडघा वर केला की डोंगर तयार होई आणि बटण घाट चढू लागे. आई रागावे, कारण झोपायचे सोडून आमचे स्टेशनमास्तरपण चाले.

पुढे पुष्कळ वर्षांनी धाकट्या बहिणीला पहिले मूल झाले, तेव्हा त्याच्यासाठी मी गोधडी शिवली. तुकडे मांडताना मी निळा तुकडा एका कोपऱ्यात ठेवला, त्याच्या बाजूला चौकडी लावली, मध्ये लाल. मला वाटले, डोळ्यांना रंग बरे दिसतात म्हणून मी असे मांडते आहे. बहीण जवळ बसली होती. ती एकदम म्हणाली, “अगं, तू तळे केलेस!” तेव्हा माझ्या ध्यानात आले. मी शिवत होते ते आमचे माळ्यावरचे गाव होते. तीस वर्षे ते कोठे दडून बसले होते कोण जाणे. पण सुई हातात आल्यावर ते आपल्या जागी येऊन बसले.

बंधुभगिनींनो, माझ्या बोलण्याचा गाभा एवढाच आहे. कापडावरची कला शाळेत शिकवता येते, टाके शिकवता येतात, रंगसंगतीचे नियमही शिकवता येतात. मात्र त्या टाक्यांनी काय काढावयाचे, हे मूल खेळताना गोळा करून ठेवते. खेळाचा तो साठा नसेल तर हात कितीही तयार झाला तरी तो दुसऱ्याच्या नमुन्याची नक्कल करीत राहतो.

कशिद्याचे उदाहरण घ्या. धारवाड, बेळगाव, विजापूर या भागांचा हा कशिदा. ‘कसुती’ या कन्नड शब्दातला ‘कै’ म्हणजे हात आणि ‘सुती’ म्हणजे सूत, अशी त्याची फोड सांगतात. यात चार टाके मुख्य. गवंतीचा टाका जातो आणि त्याच वाटेने परत येऊन रिकाम्या जागा भरतो, त्यामुळे दोन्ही बाजूंना सारखाच दिसतो. मुरगी नागमोडी, पायऱ्यापायऱ्यांचा. नेगी विणल्यासारखा, कन्नडमध्ये विणण्याला जो शब्द आहे त्यावरूनच त्याचे नाव. मेंथी हा फुलीचा टाका, मेथीच्या दाण्यांसारखा दाट भरणारा. कापडावर आधी पेन्सिलीने काही काढावयाचे नाही; ताण्याबाण्याचे धागे मोजायचे आणि त्या मोजणीवर आकृती उभी करायची. गाठ मारावयाची नाही. एक धागा मोजण्यात चुकला तर हत्तीचा पाय लांडा होतो आणि सगळे उसवावे लागते. इलकलच्या लुगड्यावर पदराजवळ मोठ्या आकृत्या असतात आणि पदरापासून दूर जाल तसतशा त्या लहान होत जातात.

आता या आकृत्या कोणत्या ते पाहा. तुळशीवृंदावन, देवळाचे गोपूर, रथ, पालखी, नंदी, अंबारीचा हत्ती, मोर, पोपट, हरीण आणि पाळणा. जत्रेत वडिलांच्या खांद्यावर बसून मूल जे जे पाहते, आणि घरी आल्यावर पाटावर पाट ठेवून ज्याचा रथ करते, त्याचीच ही यादी आहे. राजवाडे आणि लढाया यात नाहीत. ज्या बाईने पहिल्यांदा हा रथ धाग्यांवर मोजला, तिने तो लहानपणी ओढला असला पाहिजे, असे मला नेहमी वाटत आले आहे. आणि हा कशिदा नुसत्या लुगड्यावरच होत नसे. बाळाची कुंची आणि टोपडी यांवरही तो काढीत. म्हणजे मोठ्या बाईने आपल्या बालपणीचे चित्र काढायचे ते दुसऱ्या बाळाच्या डोक्यावर. बाळंतविड्यात हे कपडे जात. ते मूल मोठे झाल्यावर त्याच आकृत्यांशी बोटाने खेळे.

येथे एक गोष्ट नम्रपणे सांगावीशी वाटते. आपला हा सीमाभाग आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. शहापूर तर त्याआधी, १९४८ पर्यंत, सांगली संस्थानात होते. या सर्व घडामोडींत माणसांना काय सोसावे लागले ते आपण जाणता. त्याविषयी बोलण्याचे हे स्थान नव्हे. मी एवढेच पाहिले की माझ्या आजीने मुरगीचा टाका कन्नड शेजारणीकडून घेतला आणि त्या शेजारणीने गोधडीची कड दुमडण्याची रीत आजीकडून घेतली. दोघींच्या नाती एकाच माळ्यावर एकाच बाहुलीचे लग्न लावीत होत्या. बाहुलीची भाषा कोणती, हा प्रश्न त्या मांडवात कधी निघाला नाही.

आपल्याच मातीतली आणखी एक साक्ष काढते. कवयित्री इंदिरा संत यांचा जन्म १९१४ सालचा. निपाणीजवळचे तवंदी हे त्यांच्या बालपणाचे गाव, आणि पुढे त्यांचे दीर्घ वास्तव्य बेळगावात झाले. येथील ट्रेनिंग कॉलेजात त्यांनी अध्यापन केले. सन २००० मध्ये त्या गेल्या. त्यांच्या संग्रहांची नावे पाहा. १९५१ चा ‘शेला’, १९७२ चा ‘बाहुल्या’, १९८२ चा ‘गर्भरेशीम’. यांतल्या शेवटच्या संग्रहाला १९८४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. बालपणीच्या आठवणी त्यांनी ‘मृद्गंध’ या गद्य पुस्तकात लिहिल्या. त्यांचे चिरंजीव प्रकाश नारायण संत यांनी ‘वनवास’पासून लंपन या मुलाच्या कथा लिहिल्या. त्यांतले मूल याच परिसरातल्या गल्ल्यांतून हिंडते, आणि लेखकाने त्या पुस्तकरूपाने आणल्या त्या पन्नाशी उलटल्यावर. नुसत्या नावांवरून मी मोठा सिद्धान्त काढीत नाही. पण शेला, बाहुली आणि रेशीम हे शब्द ज्या बाईच्या मनात आयुष्यभर राहिले, तिच्या बालपणात कापड आणि खेळ यांना काही जागा असणार, असे मानायला हरकत नसावी.

आपल्या पलीकडेच, हल्याळ-यल्लापूरच्या रानात सिद्दी समाज राहतो. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. त्यांच्या बायका जी गोधडी शिवतात तिला ‘कवंद’ म्हणतात. त्याही कडेपासून सुरुवात करून आत येतात. गोधडी पुरी झाली की चारी कोपऱ्यांवर त्रिकोणी घड्यांची, एकावर एक बसवलेली फुले लावतात. फुले नसतील तर गोधडी उघडी राहिली असे त्या मानतात. पाळण्यातल्या बाळासाठी शिवलेली लहानशी कवंद असेल तर तिच्यावर रंगांची जणू जत्रा भरते. आज अशा कवंदी देशोदेशीच्या प्रदर्शनांत भिंतीवर टांगलेल्या असतात आणि जाणकार मंडळी त्यांच्यापुढे थांबतात.

परदेशातल्या दोन बायकांची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. सोनिया दलोने ही चित्रकर्ती १८८५ साली युक्रेनमध्ये जन्मली आणि पुढे पॅरिसला राहिली. १९११ साली तिला मुलगा झाला. लहानपणी तिकडच्या शेतकऱ्यांच्या घरी तिने तुकड्यांची पांघरुणे पाहिली होती. त्या आठवणीवर तिने आपल्या बाळासाठी चिंध्या जोडून एक पांघरूण केले. ते पुरे झाल्यावर तिच्या आणि तिच्या नवऱ्याच्या ध्यानात आले की यात नुसत्या रंगांचे चित्र तयार झाले आहे, ज्यात माणूस नाही, झाड नाही, तरी ते बोलते. तिच्या पुढच्या सगळ्या चित्रकलेचा रस्ता तेथून फुटला. बाळाचे ते पांघरूण आज पॅरिसच्या राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालयात आहे.

दुसरी लुईझ बुर्ज्वा. हिचाही जन्म १९११ सालचा, पॅरिसचा. आईवडिलांचा धंदा जुने विणलेले भित्तिपट दुरुस्त करण्याचा. हे पट भिंतीवर लोंबत, त्यामुळे खालची बाजू आधी झिजे आणि चित्रातल्या माणसांचे पाय नाहीसे होत. कारागिरांना विणता यावे म्हणून नाहीसे झालेले पाय कागदावर काढून देण्याचे काम या लहान मुलीकडे येई. पुढे ती मोठी शिल्पकार झाली. लाकूड, संगमरवर, धातू सगळे हाताळून ऐंशीच्या पुढे ती पुन्हा कापडाकडे वळली. आपले जुने कपडे आणि घरातली वस्त्रे कापून शिवू लागली. लग्नात मिळालेले हातरुमाल वगैरे जोडून २००२ साली तिने कापडाचे पुस्तक केले. नव्वदी ओलांडलेली ती बाई सुई घेऊन बसली आणि पाय काढणाऱ्या मुलीपाशी परत गेली.

मुलांच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्यांनी हे फार आधी ओळखले होते. जर्मनीत फ्रोबेलने १८४० मध्ये आपल्या शाळेला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. मुलाच्या हाती द्यावयाच्या वस्तू त्याने क्रमाने ठरवल्या. त्यांतली पहिली कोणती? रंगीत लोकरीचे सहा चेंडू. पुढच्या उद्योगांत शिवणे आणि कागदाच्या पट्ट्या विणणे हेही होते. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केले, १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला ते खेड्यात नेले. विकतच्या महाग साहित्यावाचून शंख, खडे, पाने, बिया यांतूनच मूल शिकू शकते हे त्यांनी दाखवून दिले. आमच्या शिंपीकाकांची मूठभर कात्रणे त्याच जातीची होती. त्यांना मात्र आपण बालशिक्षण करीत आहोत याचा पत्ता नव्हता.

आता माझ्या हातून घडलेली चूक सांगते. कारण ती लपवून ठेवली तर या भाषणाला अर्थ राहणार नाही. आई गेल्यानंतर कपाटाच्या वरच्या खणात तिची गोधडी होती. तीच, तळ्याची आणि रेल्वेची. विरली होती, एका कडेला उंदराने कुरतडली होती. घरात रजया आल्या होत्या. एका दुपारी दारावर बोहारीण आली. जुन्या कपड्यांच्या ढिगाबरोबर मी ती गोधडीही दिली आणि एक स्टीलचे पातेले घेतले. घासाघीस करून घेतले. ते पातेले आजही माझ्याकडे आहे. चांगले आहे, त्यात दूध तापते. बहिणीने गोधडीची चौकशी केली तेव्हा मला उत्तर देता आले नाही. बोहारणीचा यात काहीच दोष नव्हता. तिने तिचा धंदा केला. मी हस्तकलेची शिक्षिका. मुलींना उलट बाजू पाहायला शिकवणारी. आणि माझ्या आईच्या हातची वस्तू मला ओळखता आली नाही.

यावर कोणी म्हणतील, गोधडी ही गरिबीची खूण होती, ती गेली तर रडायचे कशाला? हे म्हणणे मी टाकून देत नाही. गोधडी हौसेने कमी आणि गरजेने जास्त शिवली गेली. कंदिलाच्या उजेडात बायकांचे डोळे गेले, बोटांना घट्टे पडले. निपाणीकडे तंबाखूच्या वखारीत दिवसभर राबून आलेल्या, विड्या वळणाऱ्या बायकांनी रात्री वाकळ शिवली ती मुलांना थंडी वाजू नये म्हणून. कला म्हणून नव्हे. त्यांच्या कित्येक मुलींचे हात खेळायच्या वयात विडीच्या पानाला लागले. त्यांच्या वाट्याला माळ्यावरचा बाजार आला नाही. त्या गरिबीचे कौतुक करण्याचे पाप माझ्याकडून न घडो. पण यातूनच धर्मादाय संस्थेचे कर्तव्य निघते असे मला वाटते. आपण मुलाला पुस्तक देतो, वही देतो, फी भरतो. खेळायला वेळ आणि हाताला चिंधी देणे हेही दानच आहे, आणि त्याला खर्च जवळजवळ नाही.

आजच्या मुलांना खेळणी कमी नाहीत. पण बहुतेक खेळणी पुरी होऊनच घरी येतात. मुलाने त्यांत भर घालावी अशी जागा उरत नाही. मोबाइलवर बाहुलीला लुगडे नेसवण्याचा खेळही आहे म्हणे. माझी नात तो खेळते. मी तिला दोष देत नाही. मी सात वर्षांची असते तर मीही खेळले असते. मी तिच्यापुढे फक्त कात्रणांचे गाठोडे सोडले. पहिले दोन दिवस तिने पाहिले नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या बाहुलीला ताप आला होता, आणि तिला पांघरूण हवे होते.

म्हणून या महोत्सवी वर्षात ट्रस्टपुढे आणि आपल्यापुढे तीन सूचना ठेवते.

पहिली. ज्यांच्या घरी आईची, आजीची गोधडी, कुंची, कशिद्याचे लुगडे किंवा चिंधीची बाहुली असेल, त्यांनी ती टाकू नये. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये. त्यात ओल धरते आणि बुरशी येते. धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळावी, सोबत कडुनिंबाची वाळलेली पाने निराळ्या पुरचुंडीत ठेवावीत. चार-सहा महिन्यांनी उघडून सावलीत वारा द्यावा आणि घडी दुसऱ्या जागी मोडावी, म्हणजे एकाच रेषेवर कापड तुटत नाही. कडक उन्हात टाकू नये, रंग उडतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पांढऱ्या कापडाच्या पट्टीवर दोऱ्याने किंवा पक्क्या शाईने लिहून ती पट्टी कडेला टाचावी: कोणी शिवली, सुमारे कोणत्या साली, कोणासाठी, आणि कोणता तुकडा कोणाच्या लुगड्याचा. घरातल्या सर्वांत वृद्ध बाईला आज विचारले तर ती सांगेल. दहा वर्षांनी विचारणार कोणाला?

दुसरी. ट्रस्टने पुढाकार घेऊन या वस्तू एका दिवसासाठी सभागृहात मांडाव्यात. बक्षिसे नकोत, क्रमांक नकोत. प्रत्येक वस्तूजवळ शिवणाऱ्या बाईचे नाव असावे. ज्या बायकांचे नाव घराच्या पाटीवर कधी आले नाही, ते एकदा तरी भिंतीवर दिसेल. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आपण पाहिले असेल. दिनकर केळकरांनी आपल्या अकाली गेलेल्या मुलाचे नाव त्याला दिले आणि दिवे, पेट्या, वस्त्रे, खेळणी अशा घरगुती वस्तू जन्मभर जमवल्या. एका माणसाच्या चिकाटीने एवढे होते, तर आपल्या इतक्या कुटुंबांना मिळून एक दिवस का साधू नये?

तिसरी. खडेबाजारातल्या कापड दुकानदार आणि शिंपी बंधूंना माझी हात जोडून विनंती आहे. रोज झाडून टाकली जाणारी कात्रणे एका पिशवीत साठवावीत. आठवड्यातून एकदा ती बालवाडीत आणि आपल्या शिवणवर्गात पोहोचवण्याची व्यवस्था ट्रस्टने करावी. मुलगे आणि मुली दोघांनाही ती द्यावीत. नमुना देऊ नये. “याचे काय करू?” असे मुलाने विचारले तर उत्तर देण्याची घाई करू नये. टाचण्या मात्र त्यांच्याकडून वेचून घ्यायला हरकत नाही.

माझ्या आईची गोधडी आता परत येणार नाही. ती कोठे पुसणे झाली असेल, कोठे गादीत गेली असेल. पण गेल्या वर्षी मी आणि माझ्या बहिणीने मिळून तिच्यासारखी दुसरी शिवायला घेतली आहे. कापड निराळे आहे, आमचे डोळेही पूर्वीचे नाहीत, टाके लांब पडतात. निळ्याच्या बाजूला चौकडी होती की खण होता, यावर आमचे एकमत होत नाही; दोघी सत्तरी ओलांडलेल्या, आणि रेल्वे कोणत्या बाजूने जात होती यावर भांडतो. तळे मात्र कोपऱ्यातच आहे, त्याबद्दल दोघींना शंका नाही. प्रदर्शन भरले तर ती अर्धी झालेली गोधडी आम्ही आणू, उलट बाजूसकट दाखवू.